देवाचा अर्धा आटा

या, असे पुढे सरका. खांबाला टेकून बसलात तरी चालेल, पण जवळ बसा. माझा आवाज आता पूर्वीसारखा शेवटच्या सतरंजीपर्यंत पोचत नाही. पेटीवाल्यांची एसटी चुकलीय, तबलजी हातोडी शोधतायत, आणि आजचे बुवा आत दूध घेतायत. म्हणजे अर्धा तास तरी आपलाच. तेवढ्यात या देवळाच्या कळसाची गोष्ट सांगतो. मंडपाबाहेर मान काढून बघा एकदा. ऊन पडलंय ना त्याच्यावर? तो वर गेला कसा, हे गावात कुणीही सांगेल. जाता जाता काय होणार होतं, ते मात्र माझ्याकडूनच ऐका.

चौऱ्याण्णव साल. कुपवाडच्या आमच्या कारखान्याचं अंगण, बुधवार, सकाळचे दहा. आणि बादली उचकी लागल्यासारखी खाली येत होती.

बादली म्हणजे विहिरीची नव्हे. ट्रकच्या पाठीवर चाळीस फुटी लोखंडी हात, आणि त्याच्या टोकाला माणसं उभी राहतील असा पिंजरा; त्याला आम्ही बादली म्हणायचो. रस्त्यावरचे दिवे दुरुस्त करायला एका नगरपालिकेनं सांगितलेली आमची ही पहिलीच गाडी. हात वर जाताना कसा, तुपातून बोट फिरावं तसा जायचा. उतरताना मात्र बादली फूटभर पडायची, गचकन थांबायची, पुन्हा फूटभर पडायची. आत वाळूची पाच पोती होती. प्रत्येक गचक्याला त्यांतून धूळ उडत होती.

“हे बुवांच्या पायाखाली चालायचं न्हाई,” लिव्हरवरचा हात काढत दस्तगीरमामा म्हणाला. “म्हाताऱ्याचे दात हातात येतील.”

“दात हैत कुठं त्यांना?” मगदूम मालक म्हणाले.

“मग हाडं येतील, मालक. ती हैत अजून.”

दस्तगीर मुजावर मिरजेचा. तीस वर्षं क्रेनवर काढलेला माणूस, आमच्याकडे ऑपरेटर. मी त्याच कारखान्यात फिटर, एकनाथ कोष्टी. आणि बुवा म्हणजे आमचे अनंतबुवा टाकळीकर. ते या करंजवाडीच्या देवळात चाळीस वर्षं कीर्तन करत होते, आणि त्यातली बावीस वर्षं त्यांच्या मागे झांज घेऊन मी उभा होतो. देवळाचं शिखर नवं बांधून झालं, तेव्हा गावानं एकमुखानं ठरवलं की कळस बुवांच्याच हातून चढायचा. पण बुवांचे गुडघे गेलेले. उभं राहून दोन-दोन तास गातील, पण एक पायरी चढायची म्हटली की चेहरा पांढरा पडायचा. परांचीवर ते चढणार कसे? मगदूम मालक याच गावचे. ते भर सभेत बोलून बसले, “माझी गाडी हाय की! बुवांना अलगद वर नेतो, अलगद खाली आणतो.”

मुहूर्त शुक्रवारी, सकाळी अकरा चाळीस. आणि बुधवारी बादली उचक्या देत होती.

मला कीर्तनानं एक खोड लावलीय. बुवा पूर्वरंगात एखादा प्रश्न टाकायचे आणि उत्तर लगेच द्यायचे नाहीत; ते श्रोत्याच्या मनात घुमत ठेवायचे. तसाच हा प्रश्न माझ्या डोक्यात घुमायला लागला. वर जाताना शहाणा असलेला हात उतरतानाच का बिघडतो?

मालकांनी पुण्याला फोन लावून दिला. तिथले नातूसाहेब व्हॉल्व्ह विकायचे, आणि विकण्यापेक्षा जास्त शिकवायचे.

“कोष्टी, उचलणं ही ताकदीची गोष्ट आहे, उतरवणं ही अकलेची,” ते म्हणाले. “भार खाली यायला लागला की तो स्वतःच्याच वजनानं धावतो. त्याला धरायला काउंटरबॅलन्स व्हॉल्व्ह असतो. पंपाचं तेल वरून ढकलेल, तेवढंच तो तोंड उघडतो. भार पुढे धावला की पंपाचा दाब पडतो, लगेच व्हॉल्व्ह मिटतो. कळलं?”

“म्हणजे विहिरीवर मोट सोडताना दोरावर ठेवलेला हात.”

“शाबास. आता तुमचा हात भित्रा आहे की उतावळा, ते बघू. व्हॉल्व्हवर काय लिहिलंय?”

मी आकडे वाचून दाखवले.

“दहास एक! अहो, हा फार उतावळा. पंपाच्या नुसत्या इशाऱ्यानं पुरतं तोंड उघडतो. भार धावतो, दाब पडतो, तो घाबरून मिटतो, पुन्हा उघडतो. तुमचा हात चाळीस फूट लांब, लवलवणारा. त्याला सावकाश उघडणारा लागतो. तीनास एकचा पाठवतो. आणि आत्ता तो बसवलाय कुठे?”

“लिव्हरच्या खाली. हाताशी असावा म्हणून.”

“आणि हात उचलणारा सिलेंडर?”

“दहा फुटांवर. मधे होज पाइप हाय.”

“तो होज फुटला तर?”

मी दारातून गाडीकडे बघितलं.

“घराची कडी घराच्या दाराला लावतात, कोष्टी, गल्लीच्या तोंडाला नाही. नवा व्हॉल्व्ह थेट सिलेंडरच्या अंगावर बसवा, मधे बोटभरही रबर नको. तुमच्या भाराला लागतो त्या दाबाच्या सव्वापटीहून थोडा वर सेट करूनच पाठवतो. बसवा, चाचणी घ्या. सोबत पत्रक आहे, ते वाचा. आणि सेटिंगला हात लावू नका.”

गुरुवारी दुपारी एसटीच्या पार्सलनं व्हॉल्व्ह आला. मुठीएवढा, परदेशी बनावटीचा, सोन्याच्या मण्यासारखा पिवळा. पत्रक इंग्रजीत होतं. मी त्याची घडी करून सदऱ्याच्या खिशात घातली, म्हटलं निवांत बघू. सिलेंडरच्या बुडाशी व्हॉल्व्ह बसवला, हवा काढली, आणि पाच पोती घालून बादली वर नेली.

आता दस्तगीरमामाची पाळी. त्याच्या खिशात नातवंडांच्या डबीतला एक निळा मेणखडू कायम असायचा. सिलेंडरचा चकचकीत दांडा त्यानं फडक्यानं पुसला, आणि दांडा जिथं सिलेंडरच्या तोंडात शिरतो, तिथून एक बोट वर खडूनं बारीक रेघ मारली. मग लिव्हर मध्यावर सोडला, इंजिन बंद केलं, आणि स्टूल टाकून रेघेसमोर बसला.

“काय करालाय मामा?”

“बसतोय.”

“किती वेळ?”

“पंधरा मिनिटं. भार खाली सरकाय लागला तर दांडा आत जातो, रेघ त्याच्यासंगं जाती. आपल्याला दिसत न्हाई, तिला कळतं.”

पंधरा मिनिटांत रेघ केसभरही हलली नाही. मग त्यानं बादली उतरवली. काय उतरली म्हणून सांगू! बुवा भैरवी संपवताना शेवटचा सूर जसा हातावर ठेवल्यासारखा खाली ठेवतात, तशी. पोत्यांतली धूळसुद्धा उडाली नाही. मालकांनी टाळी वाजवली. मामा खडू खिशात घालून जेवायला गेला.

आणि मी एकटा राहिलो.

आमच्या कारखान्यात एक रीत होती. मला काम शिकवलं हिंदुराव मिस्त्रींनी. ते कुठलाही दाबाचा वॉल सेट केला की (आम्ही व्हॉल्व्हला वॉलच म्हणायचो) सगळ्यात शेवटी, चाचणी झाल्यावर, हात जोडायचे आणि स्क्रू आणखी अर्धा फेरा आवळायचे. म्हणायचे, “माप माणसाचं. वर अर्धा आटा देवाचा.” मग स्क्रू जागचा हलू नये म्हणून त्यावरचा चेकनट घट्ट करून वर लाल रंगाचा ठिपका द्यायचे. ठिपका म्हणजे मोहोर; कुणी नंतर हात लावला तर रंग तडकतो. मिस्त्री गेले, रंगाचा डबा माझ्याकडे आला आणि रीतही आली. बावीस वर्षांत मी एकही वॉल देवाच्या अर्ध्या आट्याशिवाय बाहेर सोडला नव्हता. आणि इथं तर खुद्द बुवा वर जाणार होते!

नातूसाहेबांचे शब्द मला आठवले, नाही असं नाही. पण मनात म्हटलं, ते विकणारे. बुवांची काळजी मला. हात जोडले. स्क्रू उजवीकडे अर्धा फेरा आवळला. लाल ठिपका दिला. फार समाधान वाटलं.

शुक्रवारी सकाळी गाडी या देवळासमोर उभी राहिली. हा मंडप तेव्हा नव्हता, कापडी होता. माणूस मावत नव्हता. बेत असा की बुवांनी नऊला कीर्तनाला उभं राहायचं. पूर्वरंग संपला की मध्यंतराला कळस चढवायचा, मग उत्तररंग. पण पेटीची भाती फाटली म्हणून सुरुवातच साडेदहाला झाली. मी झांज घेऊन बुवांच्या मागे उभा राहायचो, पण त्या दिवशी माझी झांज दुसऱ्याच्या हातात होती. मी गाडीपाशी.

दस्तगीरमामानं रिकामी बादली दोनदा वर नेली, दोनदा आणली. लोणी.

“झालं की!” मालक म्हणाले. “आण बुवांना.”

“न्हाई. वजन घाला.”

“काल घातलं होतं ना, लेका?”

“काल कुपवाडात घातलंतं. रस्त्यानं तीस किलोमीटर हादरत आलीया. आन् रिकाम्या गाडीला उतार कळत न्हाई, मालक. बुवा, हा नाथा, कळस बसवणारा गवंडी आन् मणाचा कळस; अडीचशे किलो भरतंय. तेवढं घाला.”

“वाळू कुठनं आणू इथं?”

मामानं आचाऱ्याच्या मांडवाकडं बोट केलं. प्रसादाच्या लापशीसाठी गव्हाची पोती रचली होती. पुजारी पुढे आले. “प्रसादाचा गहू त्या बादलीत?”

“कळसाला शिवून येईल की,” एक म्हातारी म्हणाली. “आणखी गोड लागंल.”

बायका हसल्या आणि पुजाऱ्यांचा विरोध तिथंच विरला. पाच पोती चढली. बादली शिखराच्या टोकाशी नेऊन मामानं इंजिन बंद केलं. दांडा पुसला, रेघ मारली, आणि कुणाचं तरी स्टूल ओढून बसला. अकरा वाजून पाच मिनिटं.

गर्दीतून आवाज यायला लागले. “काय बघत बसलाय ह्यो?” “मुहूर्त टळंल की!” मालकांनी घड्याळावर बोट आपटलं.

“मला जुम्म्याला मिरजंला पोचायचंय,” मामा रेघेवरची नजर न काढता म्हणाला. “मला घाई न्हाई, तर तुमाला कसली?”

पाच मिनिटं झाली असतील. मामानं मला नुसतं बोटानं जवळ बोलावलं.

रेघ आणि सिलेंडरचं तोंड यांच्यात एक बोट अंतर होतं. आता करंगळीएवढं उरलं होतं.

मान वर करून बघितलं तर बादली जागच्या जागी वाटत होती. डोळ्याला काही दिसत नव्हतं. पण रेघ खोटं बोलत नव्हती.

“गळतोय?” मालकांनी कुजबुजत विचारलं.

“तेलाचा थेंब न्हाई बाहेर,” मामा म्हणाला. “वॉलमधनंच वाट देतोय.”

पुन्हा तोच प्रश्न, आता जास्त अवघड. काल ज्यानं केसभरही सोडलं नाही, तो आज का सोडतोय? तेही काल होता त्याहून अर्धा आटा जास्त आवळलेला असताना?

“मग आवळ की नाथा!” मालक म्हणाले.

“आधी खाली घिऊया,” मामा उठला. “भार उतरवू, मग पाना लावू. वर टांगलेल्या भाराच्या वॉलला हात लावायचा नसतो.”

“अरे, मुहूर्ताला अर्धा तास उरलाय!”

मी मालकांचं ऐकलं. खरं सांगायचं तर मी माझ्या हाताचं ऐकलं. मामा पुटपुटत लिव्हरपाशी गेला, त्यानं इंजिन चालू करून ठेवलं. मी ट्रकवर चढलो. लाल ठिपका शाबूत होता. चेकनट फिरवला, रंग तडकला. स्क्रू उजवीकडे पाव फेरा आवळला.

बादली निघाली.

रेघ बघता बघता सिलेंडरनं गिळली. वरून गव्हाच्या पोत्यांचा सरकण्याचा आवाज आला, बायका किंचाळल्या, लोक मागे पळाले. मी आणखी आवळणार होतो. देवाशपथ, माझा पाना उजवीकडेच दाबला जात होता. बावीस वर्षांचा हात तो, घट्ट म्हणजे उजवीकडे एवढंच त्याला माहीत.

“सोड!” मामा ओरडला. त्यानं लिव्हर वर दाबून धरला होता. पंप जिवाच्या आकांतानं तेल ढकलत होता, आणि तरी बादली खालीच येत होती. “नाथा, सैल कर! डावीकडं!”

“सैल केला तर कोसळंल मामा!”

“सोड म्हंतो ना! सोड!”

मी डोळे मिटले आणि डावीकडे फिरवला.

बादली थांबली. मग पंपाचा जोर वर चढला आणि ती वीतभर उचलली गेली. मामानं लिव्हर मध्यावर आणला. ती तिथंच राहिली, भिंतीत खिळा ठोकल्यासारखी.

पोती उतरवून घेतली. मालक लालेलाल झाले होते, आणि ते बरसले ते मामावर. “गाडी रातभर तुझ्या दारात उभी होती! काल चांगला चालला वॉल. कुणी हात लावला त्याला? तूच काहीतरी छेडलंस!”

दस्तगीरमामानं फडक्याला हात पुसले. माझ्याकडे एकदा बघितलं. लाल रंगाचा डबा साऱ्या कारखान्यात फक्त माझ्याकडे असतो, हे त्याला माहीत होतं. ठिपका मघापर्यंत शाबूत होता, हेही त्यानं बघितलं होतं. म्हणजे जे झालं ते ठिपक्याच्या आधी झालं. एवढं गणित त्याच्या डोळ्यांत मांडलेलं मला दिसलं. आणि तो बोलला एवढंच, “ठिपका शाबूत होता, मालक.”

“मग वॉलच खराब हाय! पाठवा पुण्याला परत. त्या नातूच्या तोंडावर मारा!”

अगदी माझ्या ओठांवर आलं होतं: होय, वॉलच खराब. कुणाला कळणार होतं? मामा बोलणार नव्हता. नातूसाहेब दीडशे मैलांवर. आणि मंडपातून बुवांचा आवाज येत होता, बावीस वर्षं जो ऐकून मी स्वतःला चांगला माणूस समजत आलो होतो.

“मालक, मी फिरवला,” मी म्हणालो. “काल. चाचणी झाल्यावर. देवाचा अर्धा आटा.”

मालक बघतच राहिले. “पण तू तर आवळला असशील.”

“आवळलाच.”

तेव्हा कुठं मला खिशातलं पत्रक आठवलं. घडी उलगडली. इंग्रजी मला येत नव्हतं, पण चित्र कुणालाही वाचता येतं. स्क्रूचं चित्र, उजवीकडे जाणारा बाण, आणि बाणाच्या टोकाशी उणे चिन्ह. डावीकडच्या बाणापाशी अधिक. जगातले सगळे वॉल आवळले की जास्त धरतात. हा आवळला की सोडतो. बुवांची काळजी म्हणून मी दिलेला अर्धा आटा सुटण्याच्या दिशेनं दिला होता. रिकामी बादली धरायला वॉलचा उरलेला जोर पुरत होता. माणसं भरली की पुरणार नव्हता.

“मामा, तुला कसं कळलं?” मी विचारलं. “तू तर पत्रक बघितलंबी न्हाईस.”

“मी तुझा हात बघत नव्हतो. रेघ बघत होतो,” तो म्हणाला. “तू आवळलास आन् ती पळाली. मग उलटं कर म्हटलं. त्यात काय?”

आता दहा मिनिटं नीट काम करायला हवं होतं, आणि मग रेघेची पंधरा. मुहूर्त हातचा चालला होता. मी मंडपात धावलो. बुवा पूर्वरंगाच्या शेवटाकडे आले होते. मागून जाऊन मी त्यांच्या उपरण्याला हलकेच ओढ दिली आणि गजराच्या गलक्यात कानाशी म्हणालो, “बुवा, अर्धा तास द्या.”

त्यांनी वळूनही बघितलं नाही. झांजेला खूण केली, एक नवाच दृष्टांत काढला, आणि श्रोत्यांना म्हणाले, “घाई आहे का कुणाला? देव चाळीस वर्षं कळसाविना राहिला, तो काही उठून जात नाही!” लोक हसले. तबलजी नंतर म्हणाला, बुवांचा पूर्वरंग अर्धा तास वाढला हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. तो एरवीही वाढायचाच.

स्क्रूच्या आट्यांवर माझ्याच लाल रंगाची कड उरली होती. ती गुरुवारची जागा. तिथपर्यंत आणला, आणि तिथून अर्धा फेरा बाहेर. म्हणजे नातूसाहेबांनी ठेवला होता तिथंच. भार खाली होता, इंजिन बंद होतं, चेकनट आवळताना स्क्रू फिरू नये म्हणून मामानं तो धरून ठेवला होता. पुन्हा पाच पोती. पुन्हा निळी रेघ. या वेळी मामानं स्टूल मला दिलं.

आयुष्यात इतकं एकाग्र होऊन मी नामसुद्धा घेतलेलं नाही. पंधरा मिनिटं. रेघ हलली नाही.

बुवा दोघांच्या खांद्यांवर हात ठेवून आले. कपाळावर बुक्का, गळ्यात हार. त्यांना कुणीतरी सगळं सांगितलं होतं, नव्हे, तिखटमीठ लावून सांगितलं होतं. मुहूर्त टळून वीस मिनिटं झाली होती. पुजाऱ्यांनी पंचांगातून दुसरी घटका काढून दिली. बुवांनी बादलीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“हा आटा कुणी दिला?”

“मी बुवा.”

“आणि आता काढला कुणी?”

“मीच.”

“मग तू माझ्या शेजारी उभा राहा. आणि खाली लिव्हरवर कोण?”

“दस्तगीरमामा.”

“तो असला तर मी वर डोळे मिटून घेईन. मला उंचीची फार भीती वाटते रे,” बुवा हळूच म्हणाले. “गावाला सांगू नकोस.”

खरंच त्यांनी डोळे मिटले. एका हातानं माझं मनगट धरलं होतं, इतकं घट्ट की संध्याकाळपर्यंत बोटं उमटलेली होती. वर वारा होता. गवंड्यानं कळस बसवला, बुवांनी चाचपून त्यावर हात ठेवला, आणि खालून जो गजर उठला तो अजून माझ्या कानांत आहे. मी कळसाकडे बघत नव्हतो. खाली ट्रकवर, दांड्यासमोर वाकलेली एक पांढरी टोपी बघत होतो.

उतरताना एकही उचकी नाही. जमिनीला टेकल्याचं बुवांना कळलंच नाही. ते म्हणाले, “सुरू कर की रे,” आणि सगळे हसले.

मग त्यांनी गळ्यातला हार काढला आणि मामाकडे बघितलं. मामा संकोचला. “बुवा, नमाजाला उशीर झालाय मला. जातो.” बुवांनी हार लिव्हरला घातला. मिरजेची एसटी आली तसा मामा पळत सुटला. उत्तररंग त्यानं ऐकला नाही.

सोमवारी मी नातूसाहेबांना फोन केला. सगळं सांगितलं. रागावतील वाटलं होतं. त्यांनी आधी, बुवा सुखरूप आहेत ना, एवढंच विचारलं.

“पण असा उलटा बनवला का?” मी विचारलं. तो प्रश्न चार दिवस घुमत होता.

“समजा, गाडी बंद पडली आणि माणूस वर अडकला,” ते म्हणाले. “खाली कुणीतरी असेल, पाना घेऊन, घाबरलेला. घाबरलेला माणूस आवळतच जातो. त्याच्या आवळण्यानं भार हळूहळू खाली यावा. स्क्रू बाहेर निघून तेलाची चिळकांडी उडू नये. बनवणाऱ्यानं तुमच्यासारख्यांचा हात आधीच ओळखला होता, कोष्टी.”

त्या दिवसापासून आमच्या कारखान्यात देवाचा अर्धा आटा बंद झाला. त्याजागी देवाची पंधरा मिनिटं आली. पूर्ण भार वर, इंजिन बंद, निळी रेघ, आणि समोर स्टुलावर एक माणूस. कितीही घाई असो. कारखाना आता मालकांच्या नातवाकडे आहे. तिथं सगळं संगणकावर चालतं, पण स्टूल आहे म्हणे अजून.

अनंतबुवा गेले त्याला अठरा वर्षं झाली. दस्तगीरमामा सहा वर्षांपूर्वी गेला. शेवटी भेटायला गेलो तेव्हा त्यानं उशाखालून निळ्या खडूचा हा तुकडा काढून दिला. बघा, नखाएवढा उरलाय. माझ्या झांजेच्या पिशवीतच असतो.

आली बघा पेटी. आजचे बुवा उठतायत. आता सरळ बसा, आणि माझं एक ऐका. आरती फिरेल, तुम्ही डोळे मिटाल, आपापल्या गेलेल्यांची नावं मनात घ्याल. त्यांत एक नाव माझ्यासाठी घ्या. दस्तगीर मुजावर, मिरजेचा. या देवळात त्यानं कधी कीर्तन ऐकलं नाही. बाहेर, ट्रकपाशी, एका रेघेसमोर बसून होता.